बीडच्या गाडीतली मीटिंग

अगं, माझं बीपी वाढलं ना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मॅडम, रोज अर्धा तास एकट्या बसत जा." आता शाळा, स्वयंपाक, दोन लेकरं, यात एकटं बसायचं कुठं? न्हाणीत बसले तर धाकटी दार वाजवते, "आई, माझा मोजा कुठंय?"

शेवटी एका रविवारी शाळेत मीटिंग असल्याची थाप मारली आणि पाटोद्याहून बीडची गाडी धरली. बीडला काम काहीच नव्हतं. नुसतं खिडकीशी बसायचं आणि परत यायचं.

जागा बघत मागं गेले, तर शेवटच्या सीटवर माझ्या सासूबाई! डोळे मिटून, पाय पसरून निवांत.

"आत्याबाई, तुमी इथं? देवळात भजनाला गेलता ना?"

त्यांनी डोळे उघडले. "आन तुजी मीटिंग?"

मी मागं फिरायला लागले. पण त्यांनी शेजारची पिशवी मांडीवर घेतली.

"बस. पर बोलू नगंस. मी दोन वर्सं झालं येते, तुमच्या कलकलाटातून सुटायला."

बीडपर्यंत आम्ही एक अक्षर बोललो नाही. उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, "घरी सांगू नगंस. न्हाईतर समदेच गाडीत येऊन बसतील."