मधल्या बोटाची शाई

दिनांक २९/०४/२०२४

माझे नाव कौशल्या पुंजाराम होले, वय ४७ वर्षे, धंदा शेती व फुलविक्री, शिक्षण सातवी, राहणार मौजे पिंपरी गोंदू, तालुका नांदगाव खंडेश्वर, जिल्हा अमरावती.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती पुंजाराम यांच्यासह राहते. आम्हाला दोन एकर ओलिताची जमीन असून त्यात शेवंती, झेंडू व वांगी घेतो. मुलगी रागिणी अकोल्यास दिली आहे. मुलगा शिवम, वय २६, सैन्यात शिपाई असून दीड वर्षापासून लडाखला आहे. लडाखमध्ये नेमका कुठे, ते तो सांगत नाही व मी विचारत नाही.

दि. २६/०४/२०२४ रोजी लोकसभेच्या मतदानात मी दोन वेळा मत टाकल्याचा अर्ज आमच्याच गावच्या रोहितने ठाण्यात दिला आहे. तो अर्ज मला वाचून दाखवला. मी त्या दिवशी केंद्रावर दोनदा गेले हे खरे आहे. माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांना शाई आहे हेही खरे आहे. ती आपण आता पाहिली.

सैन्यातल्या माणसाला आपल्या जागी मत टाकायला घरचे एक माणूस नेमता येते. शिवमने मागच्या वर्षी जूनमध्ये मला नेमले. त्याच्या साहेबाच्या सही-शिक्क्याचा फॉर्म पोस्टाने आला. मी अमरावतीला नोटरीपुढे सही केली व फॉर्म तहसीलमध्ये दिला. त्याची पोच आणली आहे. वडील असताना आईला का नेमले असे विचारले असता सांगते की, माझे पती सकाळी एका पक्षाचे असतात व संध्याकाळी दुसऱ्या. शिवम म्हणाला होता की बाबाला नेमले तर मत फुलबाजारातच वाटून येतील. पती आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

शिवम फेब्रुवारीत रजेवर आला होता. तेव्हा वांगी तोडताना मी त्याला विचारले की तुम्ही आणि चिनी एवढे समोरासमोर आहात, तर आपली हद्द कुठपर्यंत आहे. तो म्हणाला, "आई, तिथं धुराच नाही. थे म्हणतात त्यायचं इथवर, आपण म्हणतो आपलं तिथवर. दोघंई चालून जातो अन् वापस येतो." तिथे पिकते काय, असे मी विचारले. गवतही नाही, असे त्याने सांगितले. मग भांडण कशाचे, असे विचारल्यावर तो हसला आणि म्हणाला, "थे मलेई कोणी सांगतलं नाही."

आमच्याकडे दोन शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, सरकला की मोजणीवाला बोलावतात. म्हणून मला ही गोष्ट समजून घ्यावीशी वाटली. दि. ७ एप्रिल रोजी सायंकाळी शिवमचा फोन आला. मी त्याचे मत कोणाला टाकायचे ते विचारले. तो म्हणाला, "तू सभेत जाऊन इचार, माह्या पोराची जागा मोजून झाली का म्हणून. कोण काय म्हणते थे मले सांग. मंग मी सांगतो कोणाले टाकायचं." त्यानंतर फोन कट झाला.

त्याप्रमाणे मी विचारत गेले. नांदगावला एका सभेत पाहुण्या वक्त्याने एक इंचही जमीन गेली नाही असे सांगितले. मी उभी राहून माझा प्रश्न विचारला. त्यांनी मला स्टेजवर बोलावले, शाल दिली आणि वीरमातेसाठी टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या संपल्यावर दुसरा विषय निघाला. चार दिवसांनी दुसऱ्या पक्षाच्या सभेत जमीन गेली, सरकार लपवते असे सांगितले. तिथेही मी विचारले. वक्ते म्हणाले, पाहा, एका शेतकरी आईला जे कळते ते यांना कळत नाही. नेमकी कुठली जागा, ते त्यांनीही सांगितले नाही. तिसरा एक उमेदवार आमच्या गावात भोंगा लावलेल्या टेम्पोतून आला. सोबत चारच माणसे होती. त्याने टेम्पो थांबवून माझे पूर्ण ऐकले व म्हणाला, "मावशी, मले नाही माहीत. खरं सांगतो." टेम्पोतली माणसे त्याच्याकडे पाहतच राहिली. ज्याला माहीत नाही त्याला दिल्लीला पाठवून काय करायचे, असे मी तेव्हा घरी येऊन पतीला म्हणाले होते.

ही तिन्ही उत्तरे मला शिवमला सांगायची होती. परंतु ७ तारखेनंतर त्याचा फोन आला नाही.

दि. २६ रोजी सकाळी ७.४० वाजता मी गावच्या शाळेतील केंद्रावर माझे स्वतःचे मत टाकले. पहिल्या बोटाला शाई लागली. शिवमचे मत तेव्हाच का टाकले नाही असे विचारले असता सांगते की, त्याचे म्हणणे अजून यायचे होते. मतदान सहापर्यंत होते.

दुपारी बारापासून मी शाळेपासून दूर, पांढऱ्या रेषेच्या बाहेर, नत्थुजींच्या सायकल दुकानाच्या सावलीत बसून होते. रेषेच्या आत मोबाईल चालत नाही. मोबाईल पूर्ण चार्ज केलेला होता. त्या वेळात तीन फोन आले. पहिला रागिणीचा अकोल्याहून होता. ती म्हणाली, "आई, त्याले काय फरक पडते, तुले वाटते त्याले देऊन टाक न्." मी फोन ठेव म्हणाले, लाईन अडते. दुसऱ्या फोनमध्ये मतदान अवश्य करा असे रेकॉर्ड केलेला आवाज सांगत होता. तिसरा पतीचा, विळा कुठे ठेवला म्हणून.

पाच वाजून पन्नास मिनिटांनी मी मोबाईल नत्थुजींकडे दिला. शिवमचा फोन आला तर रेषेपर्यंत येऊन हाक मारा, असे सांगून मी रांगेत शेवटी उभी राहिले. सहा वाजता गेट बंद झाले. रांगेतल्यांना चिठ्ठ्या वाटल्या. त्या शेवटच्या माणसापासून वाटतात, म्हणून माझ्या हातात एक नंबरची चिठ्ठी आली. पुढे तेरा माणसे होती. माझा नंबर येईपर्यंत पाऊण तास गेला. खोलीत शिरण्यापूर्वी मी गेटच्या गजांतून पाहिले. नत्थुजी रेषेवर उभे होते. त्यांनी हात हलवून नाही असे सांगितले.

रोहित एका उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून खोलीत बसला होता. तो म्हणाला, "काकू, तुमी सकायी टाकलं ना मत? मंग आता कावून आल्या?" मी शिवमचे टाकायला आले असे सांगितले. तो उठला व म्हणाला, असे कोणाचेही मत कोणीही टाकायला लागले तर आम्ही इथे माशा मारायला बसलो का. तो त्याचे काम करत होता. तो व शिवम शाळेत एका बाकावर होते. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही.

केंद्राध्यक्ष गीतांजली मॅडम यांनी आधी यादी पाहिली व नंतर पुस्तिका काढली. त्यांची ही अठरावी निवडणूक ड्युटी होती, पण असे मत त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते. यादीच्या शेवटच्या पानावर शिवमचे व त्याच्यापुढे माझे नाव निघाले. पुस्तिकेत लिहिले होते की अशा वेळी शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावावी. मॅडमने ओळीवर बोट ठेवून ते दोनदा वाचले. दारावरचा शिपाईसुद्धा पाहायला आत आला. रोहितनेही वाकून पाहिले व तो आपल्या जागेवर जाऊन बसला.

मशीनसमोर मी किती वेळ उभी होते ते मला सांगता येत नाही. मॅडमने दोन वेळा विचारले, "ताई, झालं का?" त्यानंतर मी बटन दाबले. आवाज आला.

बाहेर आल्यावर नत्थुजींनी पाणी दिले व मी दोन्ही बोटे त्यांना दाखवली. रोहितच्या सोबतच्या कोणीतरी तेव्हा फोटो काढला असावा. फौजीच्या नावावर बोगस मत, असे लिहून तो गावच्या ग्रुपवर आला. मी घरी पोहोचून हात धुवायच्या आत अकोल्याहून रागिणीचा फोन आला की तिच्या सासऱ्यांनी तो पाहिला. शाई निघते का म्हणून मी हात साबणाने घासले असे अर्जात लिहिले आहे. ते खोटे आहे. मी भाकरी थापणार होते.

दि. २८ रोजी सकाळी ११.१० वाजता वेगळ्या नंबरवरून शिवमचा फोन आला. त्यांना दुसरीकडे हलवले होते व तिथे फोनची सोय नव्हती. तब्येत बरी आहे म्हणाला. त्याने विचारले, "माह्यं मत टाकलं का?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "पण कोणाले टाकायचं थे तर मी सांगतलंच नोतं." मग तो नाव सांगू लागला. मी म्हणाले, "आता नको सांगू, बाबू." कारण विचारले असता सांगते की, मशीन सीलबंद झाले आहे. त्यानंतर त्याने बाबा माझ्याशी धड बोलतात का ते गमतीने विचारले व आम्ही शेवंतीबद्दल बोललो.

हा जबाब घेणाऱ्या जमादार साहेबांनी विचारले की, मुलाचा निरोपच आला नाही, तर दुसरे मत त्याचे होते आणि तुमचेच नव्हते हे कशावरून. त्यावर सांगते की, दोन्ही मते एका चिन्हाला पडलेली नाहीत. सकाळचे मत मी मला पटले तिथे दिले. संध्याकाळचे मला पटले म्हणून दिलेले नाही. मी त्याला सव्वीस वर्षे ओळखते. माझे चुकलेही असेल. हे सांगण्याची गरज नाही, मत गुप्त असते, असे साहेबांनी मला समजावले. तरी एवढे लिहून घ्यावे अशी माझी विनंती आहे. कोणते कोणाला, ते लिहू नये.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी "माझी दोन मते" असे टाईप झाले होते. ते खोडून "माझे एक व शिवमचे एक" असे करून घेतले व खोडलेल्या जागेशेजारी सही केली. बाकी मजकूर मी सांगितल्यासारखाच आहे.

सही/-
कौशल्या पुंजाराम होले