अदितीच्या मांडीवरचं पोर

संग्रहालयाचा पहारेकरी गेटपासचं पुस्तक उघडून केव्हाचा दारात ताटकळत होता. आत मुकादम आणि पॅकिंगवाली बाई देवमाता अदितीची दगडी मूर्ती प्रवासासाठी बांधत होते.

"मांडीवरचं पोर सुटं निघतंय. त्याला वेगळ्या पेटीत घाल."

"आई एका पेटीत न् पोर दुसऱ्या?"

"सुटा भाग वेगळा, नियमच आहे. वाटेत आपटलं म्हणजे?"

"मी मधे कापूस ठासते. हलायचं नाही."

"अगं, बारा पोरांची आई ती! एकावाचून दोन दिवस राहील की."

"राहील. मी नाही का राहत?"

"तुझी लेक अजून आजीकडेच?"

"दोन दिवसांसाठी म्हणून ठेवली होती. दीड वर्ष झालं."

पहारेकऱ्यानं दारातून विचारलं, "मुकादम, किती पेट्या लिहू?"

"एकच लिही."