पुराचा नकाशा आणि त्सुकादासान

...आणि वर आळीतले लोक म्हणतात, आमचं घर जरा डावीकडे सरकवा. सरकवा म्हणजे? घर काय कपाट आहे? तुम्हाला सांगतो, आमच्या आळीच्या मंडळात यंदा माझ्या नावाची चिठ्ठी निघाली, आणि नदीला पूर आला तर कोणी कुठे पळायचं त्याचा नकाशा काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी जन्मभर तातामी चटया शिवलेला माणूस. नगरपालिकेनं एक मुलगी पाठवली शिकवायला. ती म्हणाली, "इवाताकेसान, सोपं आहे हो. दिशा, प्रमाण, खुणांची सूची आणि या तपकिरी समोच्च रेषा. एका रेषेवरची सगळी ठिकाणं सारख्या उंचीची." सोपं आहे असं म्हणून ती बसनं निघून गेली, आणि मी होकायंत्र घेऊन घरभर उत्तर दिशा शोधत बसलो... ती सापडली स्वयंपाकघरात. मग बायको म्हणाली, "अहो, होकायंत्राजवळचं ते लोखंडी दाभण आधी बाजूला ठेवा."

बरं, काढला नकाशा. सखल भाग निळा रंगवला. दुसऱ्या दिवशी लोणच्याच्या दुकानातल्या ओनुकीवहिनी दारात. "आमचं दुकान निळ्यात? गिऱ्हाईक काय म्हणेल? एक रेषा वर घ्या की, तुमचं काय जातंय?"

अहो, नकाशा मी काढलाय, जमीन मी नाही.

पण खरी पंचाईत पुढेच होती. रेषेवरून बोट फिरवता फिरवता माझ्या लक्षात आलं, की पूर आला की सगळ्यांनी जमायचं ते आमचं सभागृह नदीच्या बांधापेक्षाही खाली आहे. आणि सभागृह कोणाचं? म्हाताऱ्या त्सुकादासानचं. त्यांनीच जागा दिलेली, त्यांनीच बांधलेलं, दारावर त्यांचंच नाव. मी सभेत भीत भीत म्हणालो, "जमायची जागा बदलू या. देवळामागचं कबरस्तान उंचावर आहे."

त्सुकादासान चहाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "तिथे मी जाणारच आहे. घाई तुला का?"

सगळे हसले. मी काय करणार? नकाशा मी काढलाय, जमीन मी नाही, असं म्हणालो, तर म्हातारा म्हणे, "मग तो नकाशाच खोड."

नाही खोडला.

सप्टेंबरात वादळ आलं. भर दुपारी भोंगा वाजला आणि अख्खी आळी कुठे गेली असेल? सभागृहात. मी भिजलेला नकाशा घेऊन धावलो, हात जोडले, रेषा दाखवल्या... कोणी उठेना. तेव्हा ओनुकीवहिनी उठल्या. नकाशा बघितला, निळ्यातलं आपलं दुकान बघितलं, आणि भाताचं मोठं भांडं उचलून म्हणाल्या, "भात वर चाललाय. ज्याला जेवायचंय त्यानं यावं."

सगळी आळी भातामागे निघाली. राहिले त्सुकादासान. "माझं नाव आहे दारावर. मी नाही येत." पाणी उंबऱ्याला लागलेलं. मी वाद घातला नाही, सरळ पाठीवर घेतलं त्यांना. आता ऐका, समोच्च रेषा जवळजवळ असल्या की चढ उभा, हे त्या मुलीनं सांगितलं होतं, पण मला ते कळलं त्सुकादासान पाठीवर असताना. नकाशावर पेरभर वाटणारी ती वाट... प्रमाण, प्रमाण म्हणतात ते काय, हे माझ्या गुडघ्यांना विचारा. आणि वरून पाठीवरचा माणूस कानात सांगतोय, "उजवीकडून. डावीकडे चिखल आहे. तुला दिशा कळतच नाहीत का रे?"

वर पोचलो. खाली बघितलं तर सभागृहाच्या खिडक्यांमधून पाणी आत शिरत होतं. त्सुकादासान आपल्या बायकोच्या थडग्याला टेकून बसले, पाण्याकडे बघत राहिले, आणि माझ्याकडे न बघता त्यांनी आपल्या वाट्याचा भात माझ्यापुढे सरकवला.

मला वाटलं, सुटलो. आता तरी कोणी तक्रार करणार नाही. नकाशा मी काढलाय, जमीन मी नाही, हे पटलं सगळ्यांना.

परवा सभा झाली. त्सुकादासान काठी टेकत उभे राहिले, मी मान खाली घातली, आभाराचे दोन शब्द येतील म्हणून. म्हातारा म्हणाला, "इवाताकेच्या नकाशात मोठी चूक आहे. रात्रभर आम्ही वर होतो आणि तिथे संडासच नाही."

सर्वानुमते ठराव झाला. आता संडास बांधायचा, आणि तो कोणाच्याही पूर्वजाच्या शेजारी नको. मी नकाशा पसरून बसलोय... सगळं कबरस्तान पूर्वजांनीच भरलंय हो.