सदतिसावा रविवार

कास्तो : आलात पुन्हा? आज कुत्रं सोडलंय, सांगून ठेवतो.

ओतिलिया : हे काय, पायाशी लोळतंय. सदतीस रविवारांची ओळख आहे आमची.

फेलिपा : बाई, आत या. मक्याचे दाणे उकडलेत.

कास्तो : फेलिपा, तू नवऱ्याच्या बाजूची की हिच्या?

फेलिपा : मी चुलीच्या बाजूची.

कास्तो : हं, उरका. काय म्हणायचंय?

ओतिलिया : तेच. गुरुवारी उत्सवात आपल्या गावच्या संताची, सान इसिद्रोची मूर्ती तुम्ही खांद्यावर घेणार. त्याआधी ओढा ओलांडा, एव्हारिस्तोशी समेट करा. सख्ख्या भावाशी अबोला धरून वेदीपुढे येऊ नये, हे प्रभूचं सांगणं आहे, माझं नाही.

कास्तो : यंदा उत्सवाचा प्रमुख मी आहे. देवळात शास्त्र वाचायचं तुमचं काम मी याचपायी काढून घेतलं. तरी जीभ थांबत नाही!

ओतिलिया : देवळात वाचायचे तेव्हा तुम्ही मागच्या बाकावर डुलक्या काढायचात. इथे निदान जागे असता.

फेलिपा : घोरायचेसुद्धा.

कास्तो : भीती कशी वाटत नाही हो तुम्हाला?

ओतिलिया : वाटते की! फाटक दिसलं की मागे फिरावंसं वाटतं. तुमच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला तिची धर्ममाता झाले मी. हे घर तुटलं तर दुसरं कुठलं आहे मला? पण गप्प बसले, तर तुम्हाला वाऱ्यावर सोडल्यासारखं होईल.

कास्तो : बारा वर्षांपूर्वी त्यानं माझ्या पाळीचं पाणी चोरलं. उभा मका करपला माझा.

ओतिलिया : चोरलं असेल, तर माफ करा.

कास्तो : माफ करायला त्यानं चोरलेलं तर पाहिजे!

फेलिपा : म्हणजे?

कास्तो : काही नाही.

फेलिपा : कास्तो.

कास्तो : पुढच्या साली पाट उपसताना दिसलं. पाणी अडवायची आपलीच फळी तळाशी कुजली होती. पाणी आपणहून त्याच्या शेतात जात होतं. मी गुपचूप नवी फळी बसवली.

फेलिपा : अकरा वर्षं ठाऊक होतं? आणि मी बाजारात जाऊबाईंना बघून तोंड फिरवत राहिले!

कास्तो : अख्ख्या गावासमोर चोर म्हणालो होतो त्याला. आता कुठल्या तोंडानं जाऊ?

ओतिलिया : आहे त्याच तोंडानं, दादा. दुसरं कुठून आणणार?

कास्तो : तुम्हीच सांगा ना त्याला. तुम्हाला सवय आहे.

ओतिलिया : माझं सांगून झालं. हे तुमचं आहे. मी मागे उभी राहते.

फेलिपा : ही घ्या टोपी. चला!

(ओढ्यापलीकडे, एव्हारिस्तोच्या अंगणाबाहेर.)

कास्तो : एव्हारिस्तो! पाणी तू चोरलं नव्हतंस! फळी कुजली होती, माझीच!

एव्हारिस्तो : काय? ऐकू नाही आलं!

कास्तो : तू चोर नव्हतास! मला ठाऊक होतं, तरी गप्प बसलो! गुरुवारी देवळासमोर सगळ्यांना सांगतो!

एव्हारिस्तो : परत म्हण.

फेलिपा : बाई, भावोजींना पहिल्या खेपेलाच ऐकू आलं होतं.

ओतिलिया : असू दे. ऐकू दे त्यांना पोटभर.

कास्तो : माझं चुकलं रे, भावा.

एव्हारिस्तो : या सगळे आत. कास्तो, डोकं सांभाळ. चौकट अजून ठेंगणीच आहे.