भिंतीकडेचं बाकडं

माझं माहेर पवनेच्या अंगाला, धरणाच्या खालतीकडं. घरची भाताची खाचरं, आमी तिघी बहिनी अन् एक भाऊ. माझी शाळा चौथीपतुर झाली, ती बी देवळात भरायची, म्हंजी देवाला बी आमच्यासंगं पाढे ऐकाया लागायचे. हसू नका ताई, खरं सांगते. मग लगीन झालं अन् लोनावळ्याला आले. मालक ट्रकवर व्हते, सुरतेकडं फेऱ्या मारता मारता तिकडलेच झाले. लय वाट बघितली, मग सोडून दिली. पदरात एक पोरगी, कीर्ती. आधी चिक्कीच्या दुकानात पाकिटं भरायचे, मग एका इंग्रजी शाळेत मावशीची जागा निघाली, तितं लागले. झाडायचं, घंटा द्यायची, बारक्यांना सांभाळायचं, बाकडी मांडायची.

कामाला असनाऱ्यांच्या पोरांना तितं घेत्यात, म्हनून कीर्तीला बी तितंच घातली. म्हनलं पोरगी इंग्रजी बोलंल, माझ्यावानी पाकिटं भरीत बसायची न्हाई. पन काय सांगू तुमाला, शाळेत मराठी बोललं की बाई डोळं वटारायच्या, अन् इंग्रजी हिनं आनावं कुटनं, घरी बोलाया मीच, अन् मला तर एबीसीडी बी धड येत न्हाई. मग पोरगी गपच झाली. शाळेत गप, घरी बी गप. माहेरी नेली तर भावाची पोरं अंगनात दंगा घालायची, ही उंबऱ्यावर बसून बघायची. अन् शाळेत समदी पोरं मला मावशी म्हनत्यात तशी ही बी मावशी म्हनाया लागली. कुनी शिकवलं न्हवतं. आधी वाटलं चेष्टा करती, मग कळलं की न्हाई, तिला तसंच पायजे. वाईट वाटलं, लय वाईट वाटलं, पन बोलले न्हाई मी तिला.

आता पाचवीला दर साली पुन्यावरनं एक परीक्षा येती. समद्या शाळांना एकच पेपर, बाहेरचे सर घेऊन येत्यात, अन् पोरांनी आपल्या मनानं इंग्रजीत पानभर लिहायचं. शाळांचे नंबर काढून निकाल गेटावर लावत्यात, म्हनून शाळेला त्याचा लय घोर. अन् गंमत अशी की इंग्रजी कच्ची असनारी पोरं नेमकी त्याच दिवशी आजारी. कुनाला ताप, कुनाचं पोट दुखतंय. बाई आधल्या दिवशी घरोघर फोन करायच्या, उद्या ठेवा घरी, उगी रडंल तितं. आईबाप बी ठेवायचे, बाई सांगत्यात म्हंजी भल्याचंच असंल. गेल्या साली कीर्ती पाचवीला व्हती, पन मला काय फोन करायची गरज न्हवती. बाईंनी व्हरांड्यातच गाठलं, म्हनल्या मावशी, उद्या कीर्तीला आणू नका हं, तिलाच त्रास होईल. मी मान हलवली, काय करनार.

घरी आल्यावर कीर्तीला म्हनलं, उद्या परीक्षा हाय, तुला बसायचंय का, न्हाईतर राहा घरी. पोरीनं दप्तरातनं पेन्सिली काढल्या अन् दोन्हींना टोक केलं. मला कळायचं ते कळलं.

सकाळी बाकडी मांडायचं काम माझंच व्हतं ना. बाईंनी सांगितली तेवढी मांडली, अन् वरनं एक मागं भिंतीकडंला टाकलं. बाहेरच्या सरांना काय, बसंल त्याला पेपर. त्यांनी कीर्तीला बी दिला. बाईंनी तिला बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. तोंड असं झालतं त्यांचं, पन बाहेरच्या मानसापुढं बोलत्यात कशाला.

मी पानी घेऊन वर्गात फिरत व्हते. कीर्तीचं पान कोरं. परत फेरी मारली, तरी कोरंच. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. ताई, ती नजर अजून जात न्हाई डोळ्यापुढनं. आई असून मला तिला एक अक्षर देता येत न्हवतं, अन् देऊन बी चाललं नसतं. पानी ठेवलं अन् पुढं गेले.  मग परत आले तर पोरगी खाली मुंडी घालून लिहीत व्हती.

घरी इचारलं, काय लिहिलं गं. म्हनाली, घरच्या मानसावर लिहायचं व्हतं. मी म्हनलं, मला मराठीत सांग की. तर एकेक वाक्य आठवून सांगाया लागली. माझी आई माझ्याच शाळेत काम करती. मी तिला तितं मावशी म्हनते. ती मला रागवत न्हाई. पन तिला वाईट वाटतं, मला माहिती हाय. झालं, एवढंच लिहिलंवतं. मी कुकर लावायचं निमित्त करून उठले अन् भिंतीकडं तोंड करून रडले.

मार्क थोडेच पडले. शाळेचा नंबर बी जरा खाली आला. आमाला कुनी तोंडावर काय म्हनलं न्हाई, पन तवापासनं बाई माझ्याशी कामापुरतंच बोलत्यात. दुसरी मावशी माझ्यासंगं डबा खायाची, ती आता मागं पंपाच्या खोलीत जाऊन खाती. मी एकटीच पायरीवर बसते. परवा ह्या सालची परीक्षा झाली. शेजारनीचा पोरगा बी आमच्याच शाळेत पाचवीला, तिला आधी म्हनलं, त्याला बसव गं, तर म्हनती, तुझ्यावानी शाळेशी वाकडं घ्यायचं न्हाई मला. बसवलं न्हाईच तिनं. कीर्ती सहावीत गेली. शाळेत मावशीच म्हनती अजून, घरी आलं की दोन शब्द बोलती, मग वही उघडून बसती.

तुमाला लेकरं हायत का ताई? देव त्यांना सुखात ठेवो. परीक्षेच्या दिवशी त्यांना कुनी घरी बस म्हनू नये. चुकंना का, लिहू द्यावं. पुन्याला माझ्या कीर्तीचा पेपर कुनीतरी वाचला, मार्क टाकले अन् दुसरा घेतला असंल. तिला अजून लय लिहायचंय. मला तर इंग्रजी वाचता येत न्हाई, पन तिचं नीट बसून वाचनारं कुनी तिला भेटू दे, एवढंच मागते.