दोन एक्सलांची गाडी

...आन् वर लोक मलाच इचारत्यात, "कृष्णात, तुजी गाडी अजून दगडावरच का रं?" आता काय सांगायचं? तुमाला सांगतो, लिलावातली जुनी व्हॅन घेतली, इंजिन झ्याक, दारं घट्ट, नुसता मागचा एक्सल मोडका. म्हटलं, एक्सल बसवू आन् शिराळ्याचं दूध सांगलीला न्यायला लागू. डेअरीचे नानासो म्हणाले, "ह्यो धोंड्याचा महिना सरायच्या आत गाडी दारात उभी कर, न्हाईतर दूध त्या दुसऱ्या गाडीवाल्या धुळाच्या गाडीत जाईल." मी म्हटलं, व्हय.

बरं, एक्सल म्हंजी एकच जात आसती व्हय? दोन. मेस्त्रीनं समजावून सांगितलं. एकाला म्हणायचं फुल फ्लोटिंग. त्यात गाडीचं वजन भाईरच्या नळकांड्यावर, आतला दांडा नुसता चाक फिरवतो, दांडा मोडला तरी चाक जाग्यावर. दुसरा सेमी फ्लोटिंग. त्यात वजन बी दांड्यानंच पेलायचं आन् चाक बी त्यानंच फिरवायचं, थोरल्या सुनंवानी... आन् मोडला की चाक गाडीच्या म्होरं पळतंय. पण हलका, स्वस्त, दुरुस्तीला सोपा. "इचार कर आन् सांग," मेस्त्री म्हणाला. मी म्हटलं, व्हय.

इचार मी घरात केला. तितंच चुकलं.

आमचे सासरे मानसिंगराव मिल्ट्रीत ट्रक चालवून आलेले. त्यांचं बोलणं म्हंजी परेडच. "जावईबापू! लडाखला आमी फुल फ्लोटिंगबिगर स्टार्टर दाबला न्हाई. समझे?" आता धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण देत्यात, म्हंजी अनारसे आलं, धोतरजोडी आली, लयच झालं तर चांदीची वाटी. ह्या गृहस्थानं काय आणावं? अख्खा एक्सल! त्याला हळदकुकू लावलेलं, वर नारळ, आन् अनारशांना गिरीसचा वास. आमच्या अंजनाचं डोळं भरून आलं. "बघा, माज्या बाबांनी जावयासाठनं काय काय केलं." मी म्हटलं, व्हय.

झालं. माजी आई बनुबाई जेवंना. "व्याह्यानं एक्सल द्यावा आन् माज्या म्हायेरानं हात हालवत बसावं? माजा भाऊ काय मेलाय?" तिनं पाटणला सांगावा धाडला. आप्पासो मामा एस्टीच्या टपावर सेमी फ्लोटिंग टाकून हजर. "भाच्या, ह्योच बसव. मिल्ट्रीचं काय सांगतूस, त्यास्नी पेट्रोल सरकारचं."

आता वाण परत करता येतं व्हय? सासरं जलमभर दारात यायचं न्हाईत. आन् मामाचा आहेर परत केला तर आई विहिरीकडं बघायची. मी दोन दिस गोठ्यात बसून काढलं, खरंच सांगतो, म्हशीनं तेवढं काय इचारलं न्हाई. शेवटी आईच म्हणाली, "डावीकडं व्याह्यांचा बसव, उजवीकडं माज्या भावाचा. कुणीच रुसायचं न्हाई." मी म्हटलं, व्हय.

तसाच गेलो आन् मेस्त्रीला सांगितलं. त्यानं पाना खाली ठेवला, तांब्याभर पाणी प्याला, आन् इचारलं, "कृष्णात, तू शाळंत किती शिकलास रं?"

महिना सरला. गाडी दगडावर. दोन्ही एक्सल पडवीत, शुक्रवारी एकाला अंजना कुकू लावती, दुसऱ्याला आई. दूध गेलं धुळाकडं, माज्या म्हशीचं बी त्याच्याच गाडीत. परवा कॅन घिऊन रस्त्यावर उभा ऱ्हायलो तर बघतो काय... म्होरच्या शीटावर सासरं आन् मामा मांडीला मांडी लावून बसल्यात, सांगलीला निघाल्यात, एकाच चंचीतलं पान खात्यात.

मी धुळाला इचारलं, "गड्या, तुज्या गाडीला कंचा एक्सल हाय रं?"

"काय म्हाईत," धुळा म्हणाला. "घेतली तवा व्हता."

आन् दोघंबी म्हातारं एका सुरात म्हणाले, "गाडी लय झ्याक पळतीया!"

धुळा म्हणाला, "म्होरं काय जागा न्हाई. मागं कॅनावर बसतूस का?"

मी म्हटलं, व्हय.