चौथ्या नळीचा श्वास

आमच्या ब्रह्माघाटावरच्या काकांना साधी स्कूटरही येत नाही, हे आधीच सांगतो. माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारचा एक्झॉस्ट कुठूनतरी गळत होता, फटफट आवाज यायचा. रामनगरच्या मिस्त्रीने दोनदा पॅकिंग बदलून हात टेकले. काका सहज बरोबर आलेले. चालू इंजिनापाशी डोळे मिटून उभे राहिले.

"तिघं एका दमात म्हणतायत, ह्याचा श्वास फुटतोय." बोट इंजिनातून निघणाऱ्या चार नळ्यांतल्या चौथीकडे.

मिस्त्रीने नळी उतरवली, तर केसाएवढी चीर! तो थेट पाया पडला. "गुरुजी, ये काम कहाँ सीखा?"

"वेदपाठशाला में. चालीस साल बच्चों का पाठ सुना है."

परतताना मी म्हटलं, "काका, आता एकदम स्वच्छ आवाज!"

"गाडीचा," काका म्हणाले. "संध्येचे मंत्र म्हणताना तुझा श्वास अजून लहानपणीच्याच जागी तुटतो."